दुकानाची नवी पाटी

पूर्वीं पेठेंतल्या दुकानदाराला पाटी हवी असली म्हणजे तो पेंटरला बोलावी. पेंटर शिडी लावून, रंगाचे डबे मांडून दोन दिवस काम करी, मजुरी घेई आणि निघून जाई. पुढें तो पेंटर गांव सोडून गेला, किंवा दुकानदाराचें व त्याचें वितुष्ट आलें, तरी पाटीला त्याची बाधा होत नसे. भिंत दुकानदाराची, फळी दुकानदाराची, आणि तिच्यावरचें नांव दुकानदाराच्या वडिलांचें. पेंटरचा संबंध काय तो रंग वाळेपर्यंतच.

आजच्या दुकानाला जी दुसरी पाटी लागते, ती संकेतस्थळाची. ही पाटी रंगविणाराचा संबंध मात्र रंग वाळल्यावर संपत नाहीं. भिंत कोणाची, फळी कोणाची आणि अक्षरें पुसण्याचा अधिकार कोणाला, हे प्रश्न आरंभींच विचारले गेले नाहींत तर पुढें ते फार कठीण होऊन बसतात. शहरांतल्या सुशिक्षित घरांतून आज हें काम करणारें कोणी ना कोणी आढळतें. कोणी नोकरी संभाळून रात्रीं दोन तास करतो, कोणी शिक्षण चालू असतां खर्चापुरते पैसे त्यांतून मिळवितो, तर कोणी घरीं बसून तोच पूर्ण वेळेचा व्यवसाय करते. अशा प्रत्येक रचनाकारापुढें पहिल्या गिऱ्हाइकाबरोबरच एक प्रश्न येतो : संकेतस्थळ बांधण्यासाठीं कोणता प्लॅटफॉर्म घ्यावा ? वर्डप्रेस, विक्स, स्क्वेअरस्पेस, शॉपिफाय, झोहो अशीं पांचसात नांवें समोर असतात, प्रत्येकाची जाहिरात गोड असते, आणि बहुधा निवड होते ती रचनाकाराला स्वतःला कोणतें साधन सोपें वाटतें यावरून. दुकानदाराच्या बाजूनें पाहिलें तर मात्र पहिला प्रश्न निराळाच ठरतो. तो असा, कीं उद्यां हें सोडून जाण्याची वेळ आली तर आपल्याबरोबर काय नेतां येईल ?

पुण्यांत घरगुती मसाले, मेतकूट आणि पापड करणाऱ्या एका काकूंची हकीकत या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. त्यांचें संकेतस्थळ ओळखींतल्या एका होतकरू मुलानें बांधून दिलें होतें. काम चांगलें झालें होतें. ऑर्डरी येऊं लागल्या, तेव्हां काकूंनीं उत्साहानें ४,००० पाकिटांवर संकेतस्थळाचा पत्ता छापून घेतला. दोन वर्षांनीं त्या मुलाला परदेशीं नोकरी लागली. नांवाचें नूतनीकरण करावें अशीं स्मरणपत्रें त्याच्या ज्या जुन्या ईमेलवर जात होतीं, तो ईमेल उघडणेंच त्यानें सोडून दिलें होतें. मुदत संपली, आणि एके दिवशीं पाकिटावरच्या पत्त्यावर मसाल्यांऐवजीं कसल्याशा भलत्याच जाहिराती दिसूं लागल्या. काकूंनीं दुसऱ्या एका रचनाकार मुलीला बोलावलें. तिनें पहिलाच प्रश्न केला, "काकू, हे नांव कोणाच्या खात्यावर घेतलं होतं ?"

"त्यानंच घेतलं होतं गं. पैसे मी दिले. मला वाटलं, पैसे दिले म्हणजे नांव माझंच झालं."

"आणि फोटो, मालाची यादी, गिऱ्हाइकांचे पत्ते ?"

"ते सगळं त्यांतच होतं ना !"

येथें कोणी कोणाला फसविलें नव्हतें. मुलगा प्रामाणिक होता, आणि काकूंनीं पैसे वेळेवर दिले होते. चूक एवढीच झाली, कीं चार निरनिराळ्या वस्तू एकच समजल्या गेल्या.

त्या चार वस्तू म्हणजे नांव, जागा, इमारत आणि माल. नांव म्हणजे डोमेन. तें कायमचें विकत मिळत नाहीं. ठराविक वर्षांच्या मुदतीनें नोंदवावें लागतें, व मुदत संपण्यापूर्वीं त्याचें नूतनीकरण करावें लागतें. '.इन' या शेवटाच्या भारतीय नांवांची व्यवस्था २००३ सालीं स्थापन झालेली निक्सी ही संस्था पाहते, आणि २०१४ सालापासून '.भारत' असें देवनागरींतलें नांवहि घेतां येऊं लागलें. '.कॉम'चें नांव मुदत टळून रद्द झालें, तरी मूळ धन्याला तें सोडवून घेण्यास ३० दिवसांची सवड असते. पण त्यासाठीं नेहमींच्या शुल्काहून पुष्कळ अधिक रक्कम मोजावी लागते. तीहि सवड गेली म्हणजे थोड्याच दिवसांत तें नांव पहिल्या येणाराचें होतें. काकूंच्या नांवाचें तेंच झालें.

दुसरी वस्तु जागा. हिला होस्टिंग म्हणतात. अहोरात्र चालू असणाऱ्या दूरच्या संगणकावर ही जागा भाड्यानें घेतलेली असते. तिसरी वस्तु इमारत, म्हणजे पानें रचणारी, ऑर्डर घेणारी व नोंद ठेवणारी आज्ञावली. चौथी वस्तु माल, म्हणजे मजकूर, छायाचित्रें, दरपत्रक आणि गिऱ्हाइकांची नोंदवही. प्लॅटफॉर्मची निवड म्हणजे वस्तुतः या चारांपैकीं किती गोष्टी एकाच कुलपांत ठेवावयाच्या, आणि त्या कुलपाची किल्ली कोणापाशीं राहावयाची, याची निवड होय.

संकेतस्थळांचा इतिहास फार जुना नाहीं, पण या बाबतींत तो बोलका आहे. टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत १९८९ सालीं वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजीं त्या संस्थेनें तिची आज्ञावली सर्वांना विनामूल्य खुली केली. रस्ता अशा रीतीनें सार्वजनिक झाला. परंतु रस्त्याच्या कडेच्या जागा ज्याच्या त्याच्या राहिल्या. १९९४ सालीं अमेरिकेंत निघालेल्या जिओसिटीज या सेवेनें सामान्य माणसाला पान बांधावयास फुकट जागा दिली. तिनें आपल्या जागेचे मोहल्लेच पाडले होते. सिनेमाच्या शोकिनांनीं 'हॉलिवूड'मध्यें राहावें, संगणकवाल्यांनीं 'सिलिकॉन व्हॅली'मध्यें, आणि प्रत्येक पानाला घरासारखा क्रमांक असावा, अशी ती रचना होती. १९९९ सालीं याहू कंपनीनें ती सेवा विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजीं अमेरिकेंतील ही सबंध वसाहत बंद करून टाकली. कांहीं स्वयंसेवकांनीं व इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेनें धांवपळ करून जीं पानें उतरवून घेतलीं, तीं वांचलीं, बाकीचीं गेलीं.

आपल्याकडील लहान दुकानदारांना याहून जवळचें उदाहरण २०२४ सालचें आहे. गूगलनें २०१७ सालीं दुकानाच्या नकाशावरील नोंदीवरूनच एक साधें संकेतस्थळ फुकट तयार करून देण्याची सोय काढली होती. दहा मिनिटांत पान तयार होई, आणि तेवढ्यावर समाधान मानणारांची संख्या लहान नव्हती. मार्च २०२४ मध्यें ती सोय बंद झाली. कंपनीनें आगाऊ सूचना दिली होती. येणारा गिऱ्हाईक १० जूनपर्यंत नकाशावरील नोंदीकडे वळविला जाई. त्यानंतर तोहि मार्ग बंद झाला. ज्यांनीं त्या पानाला स्वतःचें डोमेन लावलें होतें, त्यांना दुसरीकडे नवें घर बांधून जुनें नांव त्याच्या दारावर लावतां आलें. ज्यांचा पत्ताच कंपनीच्या नांवाच्या पोटांत होता, त्यांनीं छापलेलीं कार्डें व पाकिटें निरुपयोगी झालीं. दोघांचीहि इमारत गेली. पण एकाचा पत्ता राहिला आणि दुसऱ्याचा गेला. या फरकाची किंमत वर्षाला डोमेनच्या शुल्काएवढीच होती.

आतां जे प्लॅटफॉर्म आज बाजारांत आहेत, त्यांचे ढोबळ मानानें दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग सामानासुमानासह भाड्यानें मिळणाऱ्या घराचा. २००६ सालीं इस्रायलमध्यें निघालेलें विक्स, अमेरिकेंतील मेरिलंड विद्यापीठांत शिकणाऱ्या अँथनी कॅसालेना या विद्यार्थ्यानें सुरू केलेलें स्क्वेअरस्पेस, व कॅनडांतील शॉपिफाय हीं या वर्गांतलीं ठळक नांवें. शॉपिफायची जन्मकथा तर दुकानदाराचीच आहे. टोबियास ल्यूट्के व त्याच्या सोबत्यांना बर्फावरून घसरत जाण्याच्या फळ्या विकावयाच्या होत्या. त्यासाठीं मिळणाऱ्या आज्ञावल्या त्यांना पसंत पडल्या नाहींत, म्हणून त्यांनीं स्वतःची लिहिली. आणि २००६ सालापासून फळ्या मागें पडून ती आज्ञावलीच त्यांचा धंदा झाली.

या वर्गाचे गुण खरे आहेत, ते नाकारणें अन्यायाचें होईल. जागा, इमारत, पहारा आणि डागडुजी यांची जबाबदारी कंपनीची असते. रात्रीं दोन वाजतां कांहीं बिघडलें तर रचनाकाराला उठावें लागत नाहीं. दुकानदाराची सूनसुद्धां फोनवरून दर बदलूं शकते. दोष निघून जाण्याच्या वेळीं कळतात. विक्समधून सबंध संकेतस्थळ उचलून दुसऱ्याच्या जागेवर नेतां येत नाहीं. स्क्वेअरस्पेसमधून कांहीं पानें व लेख नेतां येतात, सर्व नाहींत. शॉपिफायमधून मालाची, गिऱ्हाइकांची व ऑर्डरींची यादी तक्त्याच्या स्वरूपांत उतरवून घेतां येते. पण दुकानाची मांडणी तेथेंच राहते. म्हणजे भाडेकरूला आपला माल कमी-अधिक प्रमाणांत नेतां येतो, इमारत नेतां येत नाहीं. हें गैर आहे असें नाहीं. परंतु घरांत शिरण्यापूर्वीं तें ठाऊक असलें पाहिजे.

दुसरा वर्ग स्वतःच्या बांधकामाचा. त्यांत वर्डप्रेसचें नांव सर्वांत मोठें. मॅट मुलेनवेग व माइक लिटल यांनीं एका जुन्या, पोरक्या झालेल्या आज्ञावलीवरून ती तयार करून २७ मे २००३ रोजीं प्रसिद्ध केली. ती कोणीहि विनामूल्य घ्यावी, वापरावी, बदलावी, असा तिचा परवानाच आहे, आणि आज जगांतल्या संकेतस्थळांपैकीं ४० टक्क्यांहून अधिक तिच्यावर चालतात. तिला २०११ सालीं निघालेली वूकॉमर्स ही जोड दिली म्हणजे दुकान तयार होतें. येथें एक घोटाळा टाळला पाहिजे. वर्डप्रेस या नांवाची भाड्याच्या घरासारखी सेवाहि आहे, आणि स्वतःच्या जागेवर बसविण्याची आज्ञावलीहि आहे. नांव एक, पण व्यवहार दोन. स्वतःच्या जागेवर बसविलेली इमारत फायली व माहितीचा साठा यांसह सबंध उचलतां येते, आणि एका होस्टिंगवाल्याशीं पटलें नाहीं तर दुसऱ्याकडे नेऊन उभी करतां येते.

पण स्वतःच्या घराची गळतीहि स्वतःलाच थांबवावी लागते. या आज्ञावलीला प्लगइन नांवाच्या शेंकडों जोड मिळतात. अननुभवी रचनाकार हौसेनें पंचवीसतीस लावतो, आणि मग त्या वेळच्या वेळीं अद्ययावत करणें कोणाच्याच लक्षांत राहत नाहीं. चोर शिरतात ते बहुधा अशा जुनाट झालेल्या जोडांतूनच. ज्या दुकानदाराला वार्षिक देखभालीचे पैसे द्यावयाचे नाहींत, आणि ज्याच्या घरीं तें काम जाणणारें कोणी नाहीं, त्याला असें घर बांधून देऊन रचनाकार निघून गेला, तर स्वातंत्र्याच्या नांवाखालीं त्यानें त्या दुकानदाराला उघड्यावर सोडलें असेंच म्हणावें लागेल.

म्हणून सर्वांना एकच उत्तर देतां येत नाहीं. काकूंकडे आलेल्या त्या मुलीपाशीं त्याच महिन्यांत आणखी दोन गिऱ्हाइकें होतीं, आणि तिनें तिघांना तीन निरनिराळीं उत्तरें दिलीं. तिच्या निवडीमागची कारणें पाहिलीं म्हणजे पद्धति स्पष्ट होते.

पहिलें गिऱ्हाईक दापोलीजवळचें. नारळी-पोफळीच्या बागेंत चार खोल्या पाहुण्यांसाठीं बांधलेल्या. त्यांना दहा छायाचित्रें, दोन पानें मजकूर, हंगामाप्रमाणें दर, येण्याचा रस्ता आणि दूरध्वनि क्रमांक एवढेंच दाखवावयाचें होतें. दर वरचेवर बदलतात, आणि ते बदलणार घरांतली सून, तीहि फोनवरून. मुलीनें त्यांना भाड्याच्या वर्गांतला सोपा प्लॅटफॉर्म दिला. उद्यां तो सोडावा लागला तर गमावण्यासारखें त्यांत फारसें नव्हतें. दहा छायाचित्रें व दोन पानें मजकूर दुसरीकडे एका दिवसांत मांडतां येतो. नांव मात्र तिनें कंपनीकडून फुकट मिळणारें घेतलें नाहीं. यजमानांच्या नांवावर निराळें डोमेन घेऊन तें त्या घराला लावलें.

दुसरें गिऱ्हाईक येवल्याचें, पैठण्या विकणारें. त्यांचा प्रश्न अगदीं उलट. प्रत्येक पैठणी निराळी, म्हणजे प्रत्येक वस्तूचा साठा एकच. सकाळीं दुकानांत विकली गेलेली पैठणी दुपारीं संकेतस्थळावर दिसतां कामा नये. दिवाळीच्या व लग्नसराईच्या दिवसांत गर्दी, आणि रकमा मोठ्या. त्यांना तिनें केवळ दुकानासाठींच तयार केलेला, मासिक भाड्याचा प्लॅटफॉर्म सुचविला. साठ्याचा हिशेब व पैशांची सुरक्षितता हें काम तेथें शेंकडों माणसें पाहतात. एकट्यादुकट्या रचनाकारानें तें ओझें अंगावर घेऊं नये. समजा भाडें महिना १,५०० रुपये पडलें, तर वर्षाचे १८,००० झाले. ऐन लग्नसराईंत दुकान एक दिवस बंद पडून दोन चांगल्या पैठण्यांचीं गिऱ्हाइकें परत गेलीं, तर तेवढें नुकसान सहज होतें. मात्र तिनें दोन गोष्टी आधीं विचारून घेतल्या. पैसे स्वीकारणारी मध्यस्थ कंपनी दर व्यवहारामागें किती टक्के घेणार, आणि ती कंपनी बाहेरची असल्यास प्लॅटफॉर्म त्यावर आणखी आपला वाटा घेणार काय. दुसरा प्रश्न पुष्कळजण विसरतात, आणि वर्षअखेरच्या हिशेबांत तो आपोआप वर येतो. शिवाय दर महिन्याच्या एक तारखेला मालाची, गिऱ्हाइकांची व ऑर्डरींची यादी उतरवून घेऊन दुकानांतल्या संगणकावर ठेवावयाची, असा नियम तिनें त्यांच्या मुलाला लावून दिला.

तिसरें गिऱ्हाईक काकू. माल वीसबावीस प्रकारचा, आणि तो वर्षांतून दोनदांच बदलतो. विक्री, समजा, महिना ४०,००० रुपयांची. त्यावर प्लॅटफॉर्मनें २ टक्के घेतले तर महिन्याला ८०० व वर्षाला ९,६०० रुपये जातात. १,५०० रुपये मासिक भाडें मिळविलें तर वर्षाचा खर्च २७,६०० होतो. पापडाच्या नफ्यांतून एवढी रक्कम काढणें जड आहे. उलट होस्टिंग व डोमेन मिळून ५,००० आणि देखभालीचे ८,००० धरले, तरी वर्षाला १३,००० रुपयांत स्वतःचें घर राहतें. काकूंच्या ऑर्डरी तशाहि फोनवर पक्क्या होतात. "तिखट कमी घाला," "दिवाळीच्या आधीं पोंचवा," अशा गोष्टी कोणत्याहि रकान्यांत बसत नाहींत. तेव्हां वर्डप्रेसवर मालाचीं साधीं पानें, ऑर्डर देण्यासाठीं व्हॉट्सॲपची खूण, आणि पैशांसाठीं यूपीआय, एवढी योजना तिनें ठरविली. यूपीआयच्या व्यवहारावर दुकानदाराकडून घेतलें जाणारें शुल्क जानेवारी २०२० पासून शून्य केलें असल्यामुळें ८०० रुपयांचा तो महिन्याचा कांटाहि निघाला. प्लगइन तिनें पांचच लावले, आणि दर महिन्याला ते तपासण्याचें काम वार्षिक देखभालींत स्वतःकडे घेतलें.

मराठी दुकानदाराच्या बाबतींत आणखी एक परीक्षा प्रत्येक प्लॅटफॉर्मची घ्यावी लागते, ती अक्षरांची. पुष्कळ तयार नमुने रोमन लिपीसाठीं आंखलेले असतात. त्यांत मराठी मजकूर भरला कीं वेलांट्या व रफार वरच्या ओळीला भिडतात, किंवा अक्षरांच्या डोक्यांवर कात्री चालते. 'गिऱ्हाईक', 'कोऱ्या', 'सुऱ्या' असे शब्द टाकून पाहावे. त्यांतला अर्धा र नीट उमटतो कीं नाहीं हें लगेच कळतें. मराठींतले ल व श हिंदींतल्या वळणाहून निराळे असतात. पानाची भाषा मराठी आहे असें संकेतस्थळाच्या मांडणींत नोंदविलें, आणि फॉन्टमध्यें तशी सोय असली, तर तीं अक्षरें मराठी वळणाचीं दिसतात. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनीं केलेल्या मुक्तासारखे चांगले देवनागरी फॉन्ट विनामूल्य मिळतात, तेव्हां या बाबतींत पैशाची सबब चालण्यासारखी नाहीं. ज्या प्लॅटफॉर्ममध्यें मनाजोगा फॉन्ट लावतां येत नाहीं, तो मराठी गिऱ्हाइकांच्या दुकानासाठीं नापसंत करण्यास तेवढें एक कारण पुरें आहे. तीच गोष्ट वेगाची. पाहणारा बहुधा फोनवरून, प्रवासांत पाहतो. कॅमेऱ्यांतून निघालेलें छायाचित्र लहान न करतां तसेंच चढविलें तर पान उघडेपर्यंत त्याचा थांबा येतो, आणि तो पुढच्या दुकानाकडे वळतो.

कायद्याच्या बाजूचें एवढेंच सांगणें पुरें, कीं २०२० सालच्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांमुळें विक्रेत्याचें नांव, पत्ता, संपर्क व माल परत घेण्याच्या अटी ग्राहकाला स्पष्ट दिसल्या पाहिजेत. हीं पानें शेवटीं घाईनें चिकटविण्याऐवजीं पहिल्या दिवशींच मांडावीं.

राहतां राहिली किल्लीची गोष्ट, आणि या साऱ्या विषयांत तीच सर्वांत नाजूक आहे. रचनाकाराला एक मोह असतो. डोमेन आपल्याच खात्यावर घ्यावें, खात्याचा खुणेचा क्रमांक आपल्याच मोबाइलवर यावा, म्हणजे दुकानदार पुढेंमागें दुसरीकडे जात नाहीं. कित्येक वेळां यांत लबाडीहि नसते, नुसती सोय असते. दुकानदाराला ईमेल उघडतां येत नाहीं, तो खुणेचा क्रमांक वेळेवर सांगत नाहीं, मग काम अडतें. त्यापेक्षां आपल्याच नांवावर घेतलेलें बरें, असें रचनाकार म्हणतो. काकूंच्या पहिल्या मुलानें हेंच केलें होतें. परंतु वकिलानें सोयीसाठीं अशिलाचें घर आपल्या नांवावर करून घ्यावें, असें कोणी म्हणत नाहीं. ज्याला आपलें गिऱ्हाईक टिकवावयाचें आहे, त्यानें तें दरवर्षींच्या प्रामाणिक देखभालीनें टिकवावें. असा रचनाकार गिऱ्हाइकाच्या हातीं किल्ली देऊनहि गमावीत नाहीं, कारण किल्ली हातीं आल्यावर विश्वास वाढतो, आणि शेजारच्या दुकानदाराला त्याचेंच नांव सांगितलें जातें.

म्हणून काम पुरें झालें असें म्हणण्यापूर्वीं एक कागद तयार झाला पाहिजे. डोमेन कोणाकडून घेतलें, कोणाच्या नांवावर, आणि त्याची मुदत कोणत्या तारखेला संपते. होस्टिंग किंवा भाड्याचा प्लॅटफॉर्म कोणता, त्याचे पैसे कोणत्या खात्यांतून जातात. कोणत्या ईमेलवर व कोणत्या मोबाइलवर सूचना येतात. मजकुराची व छायाचित्रांची प्रत कोठें ठेवली आहे, ती शेवटची केव्हां घेतली. एवढ्या गोष्टी त्यावर मराठींत, ठळक अक्षरांत लिहाव्या. संकेतशब्द त्यावर लिहूं नयेत. ते दुकानदारानें आपल्यापाशीं निराळे ठेवावे. हा कागद वीजबिलाच्या व दुकानाच्या परवान्याच्या फायलींत राहिला म्हणजे तो हरवत नाहीं. प्लॅटफॉर्म कोणताहि असो, ज्या संकेतस्थळाचा असा कागद करतां येत नाहीं, त्याची निवड कोठें तरी चुकली आहे हें समजावें.

काकूंचें जुनें नांव परत मिळालें नाहीं. तें ज्यानें उचललें होतें, त्यानें मागितलेली रक्कम त्यांच्या आंवाक्याबाहेरची होती. मुलीनें नवें नांव शोधलें, काकूंच्या नांवानें नवा ईमेल उघडून त्यांच्याच खात्यावर तें एकदम पांच वर्षांसाठीं नोंदविलें, आणि सूचना काकूंच्या व त्यांच्या सुनेच्या अशा दोन्ही फोनवर येतील अशी व्यवस्था केली. जुनीं छायाचित्रें गेलीं होतीं. तीं दिवाळीच्या आधीं पुन्हां काढलीं. गिऱ्हाइकांचे पत्ते काकूंच्या फोनमधून व कुरिअरच्या जुन्या पावत्यांवरून जमवितां आले तेवढे जमविले. उरलेल्या पाकिटांवर नव्या पत्त्याचे स्टिकर चिकटवीत सासूसुना तीन संध्याकाळ बसल्या होत्या.

काम संपल्यावर मुलीनें तो कागद काकूंच्या हातीं दिला. काकूंनीं चष्मा लावून तो दोनदां वाचला आणि विचारलें, "आणि उद्यां तूंही परदेशीं गेलीस तर गं ?"

"तर काकू, जो कोणी नवीन येईल त्याला हा कागद दाखवा," ती म्हणाली. "त्याला मला शोधावं लागणार नाही."